वांग्यावरचे मित्र

आमच्या गच्चीवरच्या वांग्याच्या पानांतून हल्ली पलीकडची पाण्याची टाकी दिसते. पान कसलं, निव्वळ जाळी. शिरा तेवढ्या शाबूत, बाकीचं सगळं कोणीतरी खरवडून नेलेलं. कोणी नेलं ते मला माहीत आहे, माझ्या बायकोला माहीत आहे, खालच्या मजल्यावरच्या शाळकरी पोरींनाही माहीत आहे. ज्यांनी ही वांगी लावली त्यांना मात्र माहीत नाही, आणि त्यांना सांगायची कोणाची टाप नाही. कारण ते सर आहेत.

सर म्हणजे माझे सासरे. त्याआधी ते शाळेत मला जीवशास्त्र शिकवायचे, आणि खरं सांगायचं तर मास्तरकी सोडून सासरेपण घ्यायला त्यांना अजून सवड झालेली नाही. आमचं लग्न ठरलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "त्याला पचनसंस्थेची आकृती काढता येत नाही." लग्न झालं. आकृती अजूनही येत नाही. घरात सगळे त्यांना सरच म्हणतात, सासूबाईही म्हणायच्या. एकटी माझी बायको बाबा म्हणते, तेही जरा जपूनच.

सासूबाई गेल्या आणि सर आमच्याकडे राहायला आले. बरोबर दोन बॅगा आणि एक भिंग. पहिले काही महिने ते खिडकीशी बसून असायचे. हाक मारली की जेवायला यायचे, जेवायचे, ताट उचलून ठेवायचे, पुन्हा खिडकी. "बाबा बोलतच नाहीत रे," बायको म्हणायची. मी त्यांच्या वर्गात बसलेला असल्यामुळे ते बोलत नाहीत यात मला तक्रारीचं काही दिसत नव्हतं, पण तिच्या तोंडाकडे बघवेना. मग एके दिवशी सर गच्चीवर गेले आणि खाली आले ते कोपरापर्यंत मातीने माखून. टाकीशेजारच्या जुन्या प्लास्टिकच्या पिंपांत वांगी लागली, आणि सरांना वाचा फुटली. बोलणं सगळं वांग्यांविषयीच, पण बोलणं. बायको जेवताना हसायला लागली. घरात माणसं राहतात असं वाटायला लागलं.

अडचण अशी की गच्चीच्या त्याच बाजूवर आमच्या बिल्डिंगच्या कमिटीचा डोळा होता. ऊन तिकडेच चांगलं, त्यामुळे सोलर पॅनेल तिकडेच बसवायची होती. चेअरमनही शाळेत सरांच्या हाताखालून गेलेला. सरांना नाही म्हणायची हिंमत त्याच्यात नव्हती, म्हणून त्याने कमिट्या काढतात तसा मधला मार्ग काढला. वांगी धरेपर्यंत बाग ठेवायची. मग पाहणी. बागेत दम दिसला तर पॅनेल दुसऱ्या बाजूला जातील, नाही तर पिंपं खाली. सरांना हे मान्य होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेला माणूस, स्वतः एकदा बसायला मिळाल्यावर खूश झाला.

आणि मग सरांनी किडे आणले.

इथे त्यांचा जुना धडा सांगणं भाग आहे. दरवर्षी ते वर्गात काड्यापेटीतून एक ढालकिडा आणायचे. अर्ध्या वाटाण्याएवढा, तसाच फुगीर, नारिंगी पाठीवर काळे ठिपके. पेटी बाकांवरून फिरायची आणि सर सांगायचे, "हा माळ्याचा मित्र. झाडाचा रस पिणारा मावा हा खातो. याला जो मारेल त्याने माझ्या तासाला बसू नये." धडा संपला. त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. फक्त अर्धा होता.

कारण याच ढालकिड्याचा एक भाऊबंद असतो. तोही नारिंगी, तोही ठिपकेवाला, तसाच गोल. मावा त्याला चालत नाही. तो पानं खातो, आणि त्यातही वांगी-बटाट्याची पानं बघितली की त्याला भान राहत नाही. सकाळी फिरायला गेलेल्या सरांना मागच्या गल्लीतल्या एका बाईंच्या बटाट्याच्या वाफ्यात असे किडे दिसले. ढिगाने.

"मी थोडे घेऊन जाऊ का?" सरांनी विचारलं.

"थोडे कशाला," बाई म्हणाल्या, "सगळे न्या. उद्या पण या."

सरांना त्या बाई फार उदार वाटल्या. आल्यावर त्यांनी दोनदा सांगितलं, "अजूनही अशी माणसं आहेत."

डब्याला भोकं पाडून किडे गच्चीवर आले. आठवड्याभरात पानांना खिडक्या पडल्या. सरांनी भिंगातून पाहिलं आणि निदान केलं की कोणतीतरी अळी पानं खाते आहे आणि मित्र कमी पडत आहेत. त्यांनी आणखी मित्र आणले. पानं आणखी गेली. त्यांनी आणखी आणले. या व्यवहाराला कुठून धरून थांबवायचं तेच कळेना; प्रत्येक पायरी तिच्या जागी बिनचूक होती.

मला संशय आला तो उशिरा, कारण शाळेपासून मी किड्यांच्या वाटेला गेलेलो नाही. मी मिक्सर, गीझर, इस्त्री यांच्याबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका लिहितो. 'ओल्या हाताने प्लग काढू नये' हे माझंच वाक्य आहे. एका संध्याकाळी पानाचा फोटो काढून मी किडे ओळखणाऱ्या ॲपला दाखवला. ॲप म्हणालं, कोटाचं बटण. दुसऱ्यांदा म्हणालं, कानातलं. नर्सरीवाल्याला दाखवला तर त्याने फोटो न बघताच औषधाची बाटली काउंटरवर ठेवली. "हे मारा," म्हणाला. कशावर विचारलं तर म्हणाला, "सगळ्यावर."

शेवटी मी स्वतः पिंपासमोर उकिडवा बसलो. खरा ढालकिडा चकचकीत असतो, नुकती पॉलिश केल्यासारखा. यांची पाठ मंद, नीट पाहिलं तर बारीक लव असलेली, मखमलीसारखी. खऱ्याच्या पाठीवरचे ठिपके मोजता येतात. यांच्या पाठीवर कोणीतरी पेन झटकलेलं. पानाच्या पाठीमागे पिवळी अंडी उभी करून ठेवलेली. शेजारी त्यांची पोरं, पिवळी, अंगभर फांद्या फुटलेले काटे, भांडी घासायच्या घासणीसारखी. बोट लावलं की किडा पाय आखडून खाली पडायचा, मेल्याचं सोंग घ्यायचा आणि बोटावर पिवळा, घाण वासाचा थेंब सोडून जायचा. न डिवचलेले सगळे मान खाली घालून, ओळीने, पट्ट्यापट्ट्याने पान खरवडत होते. आमच्या ऑफिसात इतकं मन लावून काम करताना मी आजवर कोणाला पाहिलेलं नाही.

खाली येऊन मी बायकोला सांगितलं.

"मग त्यांना सांग ना," ती म्हणाली.

"मी? वडील तुझे आहेत."

"म्हणूनच. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, म्हातारा झालो म्हणून पोरगी शिकवायला लागली. तुझ्याकडून त्यांची कसलीच अपेक्षा नाही. तुझं ते मनाला लावून घेणार नाहीत."

हा मुद्दा माझ्या बाजूचा की विरुद्ध हे ठरवत मी गच्चीवर गेलो.

"सर, एक शंका होती."

"बोल." भिंग डोळ्यासमोरून हललं नाही.

"सगळेच ढालकिडे मावा खातात का? म्हणजे समजा, एखादी जात पानंच खाणारी निघाली तर?"

"समजा एखादी गाय उंदीर पकडायला लागली तर?"

"तसं नव्हे, सर."

"या झाडावर मावा दिसतोय तुला?"

"नाही."

"का नाही?"

मी पान उलटून पाहिलं.

"यांनी खाल्ला म्हणून. पुरावा डोळ्यासमोर असताना समजा-समजा करत बसू नये. शाळेतही तुझं हेच होतं."

"मग पानं कोण खातंय, सर?"

"अळी. अंधारात येते, दिवसा लपते." त्यांनी काटेरी पिवळ्या पोराला बोटाने हळूच वाट करून दिली. "यांची पिल्लं बघ कशी वाढतायत. उद्या अजून डबा आणतो."

पिल्लं त्यांचीच होती, यात वाद नव्हता.

मग मी लेखी मार्ग धरला, माझा धंदाच तो. दोन किड्यांचे फोटो शेजारीशेजारी छापले, खाली फरक लिहिला, आणि कागद सकाळच्या चहाच्या कपाखाली ठेवला. संध्याकाळी तो माझ्या टेबलावर परत आला. लाल पेनने लिहिलं होतं: 'डावे चित्र अंधारात काढल्यामुळे निस्तेज दिसते. पुन्हा काढणे.' आणि खाली, गोलात, दहापैकी चार.

"चार म्हणजे तसे बरे दिलेत," बायको म्हणाली.

पाहणीचा रविवार जवळ आला तेव्हा बारा-पंधरा झाडांत मिळून दोन वांगी धरली होती आणि दोन्ही लिंबाएवढी. मी सरळ हातघाईवर आलो. सर सकाळी फिरायला बाहेर पडले की मगमध्ये साबणाचं पाणी घ्यायचं आणि किडे झटकून त्यात पाडायचे. मेल्याचं सोंग घेतात त्यामुळे पाडायला सोपे. पहिल्याच दिवशी सर डबा विसरले म्हणून परत आले.

"काय चाललंय?"

"सर, मी जरा..."

त्यांनी माझ्या हातातला मग घेतला, आत पाहिलं आणि पानाच्या देठाने एकेक किडा बाहेर काढून कठड्यावर उन्हात ठेवला. थोड्या वेळाने काही जण उठून चालायला लागले. मला त्या क्षणी काय वाटलं ते छापण्यासारखं नाही.

त्या संध्याकाळी सर गच्चीवर गेले नाहीत. खिडकीशी जाऊन बसले. जेवायला आले, जेवले, ताट उचलून ठेवलं. बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"काय केलंस तू?"

"झाडं वाचवत होतो."

"झाडं घाल चुलीत. मी बाबा वाचवतेय." तिने ओट्यावरची स्वच्छ जागा पुन्हा पुसली. "खाऊ देत किड्यांना. गच्ची गेली तर गेली तेव्हा बघू. तू आता तोंड उघडू नकोस."

गच्ची गेली की बाबा जाणार खिडकीशी, आणि गच्ची वाचवायला गेलं तरी बाबा खिडकीशी. हा हिशोब मी तिला मांडून दाखवला. तिने मला भाजी चिरायला बसवलं. दोन दिवसांनी सर पुन्हा बोलायला लागले, म्हणजे त्यांनी सकाळी मला विचारलं, "मोठा डबा कुठे आहे?" मी काढून दिला. झाकणाला भोकंही पाडून दिली.

रविवारी कमिटी आली. कमिटी म्हणजे चेअरमन आणि सेक्रेटरीबाई. बाई दातांच्या डॉक्टर, बिल्डिंगमध्ये नव्या. सरांच्या शाळेत त्या गेलेल्या नाहीत, हा त्यांच्यात आणि आमच्यात मोठा फरक. चेअरमन गच्चीवर पाऊल टाकताच आपोआप हात मागे बांधून उभा राहिला.

"छान आहे, सर," तो पानांच्या जाळीतून टाकीकडे बघत म्हणाला. "हवेशीर आहे."

"पानं कोणी खाल्ली?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"अळी," सर म्हणाले.

"कुठंय?"

"अंधारात येते."

बाईंनी एक पान वाकवून पाहिलं. "आणि हे कोण?"

"हे मित्र. मावा खातात."

बाई बराच वेळ पानावर वाकून राहिल्या. चेअरमनने माझ्याकडे पाहिलं. मी टाकीकडे पाहिलं. बायको जिन्याच्या दारात उभी होती, तिने डोळे मिटून घेतले.

"सर, मला किड्यांतलं काही कळत नाही," बाई म्हणाल्या. "पण दिवसभर मी लोकांच्या तोंडात बघते. चावणं मला कळतं. हा चावतोय."

सर रागावतील असं आम्हा तिघांनाही वाटलं. आम्ही तिघांनीही खांदे आवळले. ते रागावले नाहीत. "बघू," म्हणाले आणि भिंग काढलं. पान उन्हाकडे धरलं. किड्याचं डोकं डावीकडून उजवीकडे जात होतं, परत डावीकडे, आणि त्याच्या मागे हिरव्याचा पारदर्शक पट्टा तयार होत होता. सरांनी तो पट्टा पूर्ण होईपर्यंत पाहिला. मग दुसरं पान. मग तिसरं, ज्यावर एक काटेरी पोर होतं.

"खातोय," सर म्हणाले.

त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"हो, सर."

"तुला?" हे चेअरमनला.

"म्हणजे, सर, साधारण बिल्डिंगमध्ये सगळ्यांनाच..."

"साधारण." सरांनी तो शब्द चाखून बाजूला ठेवला. मग पुन्हा मला म्हणाले, "मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो, सर. तुम्ही दहापैकी चार दिलेत."

सरांनी जरा विचार केला. "मांडणी वाईट होती," ते म्हणाले. "उत्तर बरोबर होतं."

इतक्या वर्षांत हे वाक्य माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आलं, आणि ते ऐकून काय करायचं हे मला कळेना.

चेअरमन घाईघाईने पुढे झाला. "सर, असू दे हो. किडेच ते. औषध मारू, पुढच्या हंगामात बघू. पॅनेल काय, तिकडच्या बाजूला लावता येतील."

"ठरलं काय होतं?"

"दम दिसला तर..."

"दिसला?"

चेअरमन पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागला.

"तोंडाने सांग."

"नाही, सर."

"मग पिंपं खाली. तुला मी गुण वाढवून दिले होते?"

"नव्हते, सर. दोनच कमी पडत होते."

"दोन काय आणि वीस काय," सर म्हणाले आणि जिना उतरून गेले. डॉक्टरबाई आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. आपण नेमकं काय केलं हे त्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवं होतं. आम्ही कोणीच त्या मनःस्थितीत नव्हतो.

म्हणजे गच्ची गेली. जी राखायला आम्ही नवरा-बायको महिनेच्या महिने दातावर दात दाबून बसलो, किड्यांच्या डब्याला भोकं पाडून दिली, ती गच्ची सरांनी स्वतःच्या तोंडाने मिनिटभरात देऊन टाकली. दुपारी मी आणि चेअरमनने पिंपं खाली आणली. चेअरमन सबंध वेळ पुटपुटत होता, "मी देत होतो रे. मी देत होतो." घरात आलो तर बायको म्हणाली, "तू मध्ये काही बोलला का नाहीस?" मी पाणी प्यायलो.

सर खिडकीशी बसले असतील म्हणून मी खोलीत डोकावलो. ते खिडकीशी नव्हते. माझ्या टेबलाशी, माझ्या खुर्चीत बसले होते.

"तुझ्या फोनवर शाळेच्या जुन्या मुलांचा ग्रुप आहे ना?"

"आहे, सर."

"किती जण आहेत?"

"असतील शे-दीडशे."

"लाव."

"कोणाला?"

"पहिल्यापासून. मी या सगळ्यांना अर्धंच शिकवलंय. यांच्यातल्या कोणाच्या तरी दारात आत्ता हे किडे असतील आणि तो मित्र म्हणून पाळत असेल."

"सर, मी ग्रुपवर एक मेसेज टाकतो. क्षणात सगळ्यांना कळेल."

"धडा फळ्यावर लिहून मी कधी वर्गाबाहेर गेलेलो नाही. लाव."

मी पहिला लावला. आमच्याच वर्गातला, आता इमारतींच्या लिफ्ट बसवतो.

"अरे, सरांविषयी फोन होता," मी सुरुवात केली.

"अरेरे," तो म्हणाला. "कधी गेले?"

"इथेच बसलेत." मी फोन स्पीकरवर टाकला.

"मी बोलतोय," सर म्हणाले. "मी वर्गात ढालकिडा आणला होता, आठवतो?"

"सर, तुम्ही खडू फेकायचात ते आठवतं."

"ते सोड. किडा."

"नेम फार चांगला होता, सर. किडा नाही आठवत."

"काड्यापेटीतून."

"सॉरी, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "बरं. ऐक. दोन जाती असतात. पाठ चकचकीत असेल तो मावा खातो, त्याला हात लावायचा नाही. पाठ मखमली आणि ठिपक्यांची गर्दी असेल तो पानं खातो. पानाच्या मागची पिवळी अंडी आधी काढायची. कळलं?"

"कळलं, सर. पण मी अकराव्या मजल्यावर राहतो. माझ्याकडे झाड नाही."

"लाव," सर म्हणाले. फोन ठेवायला मला सांगितलं.

दुसरी एका दुकानाची मालकीण निघाली. तिला सरांनी दाखवलेला बेडूक आठवत होता. तिसरा गाडी चालवत होता. त्याला सरांनी गाडी बाजूला घ्यायला लावून दोन्ही जाती समजावून सांगितल्या. चौथ्याला सर कोण हेच आधी कळेना. पाचव्याने खडूविषयी पुन्हा सांगितलं. ढालकिडा एकालाही आठवत नव्हता. म्हणजे ज्या धड्याची इभ्रत सांभाळायला मी हंगामभर तोंड शिवून बसलो, तो धडा कोणाच्या डोक्यात मुळात शिल्लकच नव्हता. हे आधी कळलं असतं तर मी गच्चीवर कर्णा घेऊन गेलो असतो.

मी सरांकडे चोरून पाहिलं. बायकोही चहा घेऊन दारात येऊन थांबली होती. चूक निघाली ते त्यांनी पचवलं होतं, पण हे जड जाईल असं आम्हा दोघांनाही वाटलं.

"एकालाही नाही," सर म्हणाले.

"नाही, सर."

"बाबा, राहू दे आता," बायको म्हणाली. "उद्या करा."

सरांनी तिच्या हातातून कप घेतला, चहा अर्धा संपवला. "बरं झालं," ते म्हणाले. "निदान चुकीचं तरी कोणी शिकलं नाही. आता एकदम बरोबरच शिकतील. काय रे, थांबलास का?"

"फोनची बॅटरी संपत आली, सर."

"मग चार्जर लाव," सर म्हणाले, "आणि पुढचा लाव."